बाबांनी मोजलेले सूर्य

मी खेळ खेळते, या विषयावर आमच्या घरात माझ्या लग्नापेक्षा जास्त चर्चा झालेली आहे. चाळिशीला टेकलेली, डिचोलीच्या एका प्रयोगशाळेत खाणीतल्या खनिजाचे नमुने तपासणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर अंतराळयान चालवते, हे आईला कुणाला सांगवत नाही. शेजारीण आली की ती "ऑफिसचां काम चल्लां" म्हणून मोकळी होते. मी तिला खोटं पाडत नाही. शेजारणीला खरं कळलं तर ती मला काय म्हणेल यापेक्षा ती किती वेळ बसेल याची मला जास्त भीती वाटते.

हा खेळ मारामारीचा नाही. शत्रू नाही, बंदुका नाहीत. तुमच्याकडे एक यान असतं आणि आभाळभर तारे. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं, आजूबाजूचे ग्रह बघायचे, नोंद करायची, पुढे जायचं. बहुतेकांना यात काय गंमत ते कळत नाही. मला दुसऱ्या कशात इतकी गंमत वाटत नाही. मला लहानपणापासून कुठेही गेलं की "ह्याच्या पलीकडे काय?" विचारायची खोड आहे आणि केरीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला त्याचं उत्तर नेहमी "पाणी" एवढंच मिळतं.

गेल्या जुलैत मी पहिल्यांदा जोडताऱ्याकडे गेले. आभाळातले कितीतरी तारे एकटे नसतात, दोघं मिळून एकमेकांभोवती फिरत असतात, हे वाचलेलं होतं. पण मला हवं होतं ते वेगळंच. पाचवीत असताना मी बाईंना विचारलं होतं, की दोन सूर्य असते तर माणसाला सावल्या किती पडल्या असत्या? बाईंनी "आगाऊपणा पुरे" एवढंच सांगितलं. तीस वर्षं तो प्रश्न पोटात ठेवून मी तिथे पोचले. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे नेणारी उडी संपली आणि यान एकदम दोघांच्या मध्येच निघालं. एका बाजूला मोठा पिवळा, दुसऱ्या बाजूला लहान लाल. यान तापायला लागलं, घंटा वाजायला लागल्या आणि मी कसंबसं बाहेर काढून एका खडकाळ ग्रहावर उतरले. उतरल्या उतरल्या पायाशी बघितलं.

सावली एकच होती!

माझा असा संताप झाला. दोन दोन सूर्य दिले आणि सावलीत काटकसर! पिवळ्याच्या सावलीत लाल उजेड पडायला हवा होता, लालच्या सावलीत पिवळा. खेळ बनवणाऱ्यांनी सरळ कंटाळा केला होता. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गेलं नसतं. प्रयोगशाळेत सांगून उपयोग नव्हता, तिथे सगळे डबा खाताना फक्त बदल्यांबद्दल बोलतात. असल्या प्रश्नात माझ्याइतकाच रस घेणारा एकच माणूस मला माहीत होता, ते म्हणजे बाबा. पण मे महिन्यापासून बाबांनी प्रश्न विचारणंच सोडलं होतं.

मे महिन्यात काय झालं ते सांगायला हवं. बाबा आणि काका (माझे सख्खे नव्हेत, बाबांचे भागीदार) तीस वर्षं एका होडीवर मासे मारतात. बाबा मागे इंजिनावर, काका पुढच्या टोकाला, नाळीवर. समुद्रातून परत येताना नदीच्या तोंडाशी वाळूची पट्टी आहे. ती दिसत नाही, पाण्याखाली असते आणि तिच्यावर होडी चढली की मागून येणारी लाट उलथवते. आत शिरायची वाट अरुंद. ती ओळखायची खूण बाबांच्या आजोबांपासून चालत आली आहे. किनाऱ्यावर एक पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे, त्याच्या बऱ्याच मागे चढावर एक एकटा माड. समुद्रातून बघताना दोन्ही वेगवेगळे दिसतात. होडी सरकत सरकत नेमक्या जागी आली की माड खुरसामागे लपतो, दोनाचं एक होतं. त्या क्षणी नाळीवरचा माणूस ओरडतो, "एऽक!" आणि इंजिनावरचा होडी आत घालतो. बस्स, एवढंच. तीस वर्षांत ही हाक चुकली नव्हती.

त्या दिवशी काकांनी हाक मारली नाही आणि तरी बाबांनी होडी आत घातली. पट्टीवर चढली, उलटली. दोघेही पोहून आले, पण काकांचा उजवा हात होडी आणि खडक यांच्यात सापडून मोडला. किनाऱ्यावर दहा माणसं जमलेली असताना बाबा म्हणाले, खुणा एक झाल्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या, ह्याचंच लक्ष नव्हतं. काका एवढंच म्हणाले, एक झाल्याच नव्हत्या. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. घरं हाकेच्या अंतरावर, विहिरीचा रस्ता एक, तरी बाबा लांबून जायचे. पावसाळ्यात होडी माडाच्या झापांखाली झाकलेली होती. नारळी पुनवेला ती पाण्यात घालायची, पण कुणाबरोबर? बाबा म्हणत, दुसरा माणूस बघतो. आई म्हणे, विकून टाका. काकांशिवाय बाबा त्या पट्टीवरून जाणार, या विचाराने मला डिचोलीत झोप लागत नसे.

कोण खरं बोलतंय हा माझा दुसरा प्रश्न होता. एका होडीतून दोन माणसं तीच खूण बघतात आणि दोघांना वेगळं दिसतं, असं कसं होईल? मी बाबांची मुलगी, तेव्हा मी बाबांच्या बाजूने होते. पण काका खोटं बोलताना मी जन्मात बघितलेले नाहीत.

त्या शुक्रवारी रजा घेतली, म्हापशाच्या बाजारात आईसाठी पावसाळी भाजी आणि बाबांसाठी मूठभर सुपाऱ्या घेतल्या, लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला आणि दुपारी केरीला पोचले. बाबा सोप्यावर बसले होते. मी जेवले आणि चहाच्या वेळी लॅपटॉप समोरच्या स्टुलावर मांडला. बाबांना जवळ या म्हटलं तर म्हणाले, "हंयसून दिसता माका."

"बाबा, एका वेगळ्या गावाक गेल्लंय," मी म्हटलं. घरी आले की माझी भाषाही घरी येते. "थंय सूर्य आमच्यासारको एकटो ना. बग आनी सांग, किती आसत?"

मुद्दाम आकडा सांगितला नाही. मला त्यांच्या तोंडावरचं आश्चर्य बघायचं होतं. यान फिरवलं, दोघंही पडद्यावर आले. बाबांनी मान थोडी डावीकडे वळवली, बराच वेळ बघितलं. दोन महिन्यांनंतर त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलं आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"चार," बाबा म्हणाले.

मी हसले. हसले कसली, खिदळले. "चार? बाबा, मोजाक विसारलंस? दोन आसत ते! एक हळदुवो, एक तांबडो!"

बाबांनी पुन्हा बघितलं. "दोन हळदुवे, दोन तांबडे," ते हट्टाने म्हणाले.

"आई, बग गो, बाबांनी दोन सूर्य फुकट दिले!"

आई पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "दोन तर आसत. मगे थंय खारां एका दिसात सुकत आसतलां." सुक्या मासळीच्या विचारात ती परत चुलीकडे गेली. बाबांनी कप उचलला आणि उठून मागल्या दारी गेले. मला वाटलं, चेष्टा लागली. लागो, म्हटलं. चुकीचं ते चुकीचं.

मी सावलीचं सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून जरा घुश्शातच लॅपटॉप उचलायला गेले. बाबा बसले होते तिथे चहा सांडलेला होता. बाबांनी बशी ठेवली होती तिथे नव्हे, तिच्या शेजारी. कप बशीच्या शेजारी टेकवला असणार, अर्धा काठावर.

आता मला माझ्याबद्दल सांगायचं आहे आणि ते सांगताना लाज वाटते. प्रयोगशाळेत मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते, आकडा विचित्र आला तर हसू नका, आधी यंत्र तपासा. माझ्या हाताखालून एकही नमुना दोनदा मोजल्याशिवाय जात नाही. आणि माझ्या बापाने विचित्र आकडा सांगितला तेव्हा मी खिदळले होते.

मी सुपाऱ्या घेतल्या. मागल्या अंगणाच्या दगडी गडग्यावर तीन ओळीने ठेवल्या, वर टोपली पालथी घातली आणि बाबांना दाराशी उभं केलं. "बाबा, एकदाच. रागावू नको." टोपली उचलली.

"पाच," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "न्हय, सय."

"आता एक डोळो धाप."

त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. "तीन," ते म्हणाले. हात काढला, परत ठेवला, परत काढला. सहा, तीन, सहा. पाऊस नव्हता, पण गडगा ओला होता आणि एक सुपारी घरंगळून खाली पडली ती कुणी उचलली नाही.

"केन्नासून?" मी विचारलं.

"शिगम्याच्या पुनवेचो चंद्र दोन-दोन दिसूक लागलो तेवा म्हटलंय, चष्मो जुनो जालो," ते म्हणाले. "चंद्र एकच आसा ह्यां माका ठावक आसा मगे. मी एक धरून चलतंय."

म्हणजे असं होतं तर. दिवा एक, चंद्र एक, बायको एक, मुलगी एक. जगात जे जे बाबांना माहीत होतं ते ते डोळ्यांनी दोन दाखवलं तरी त्यांचं डोकं एक करून घेत होतं. पदरचं उत्तर घालून ते गणित सोडवत होते. आणि मी त्यांना अशा ठिकाणी नेलं जिथे सूर्य किती ते त्यांना आधी माहीत नव्हतं. तशी जागा मला केरीतच काय, पृथ्वीवर सापडली नसती.

मला विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. खुरीस आणि माड माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण तीस वर्षं इंजिनावर बसलेल्या माणसाला ते कुणी विचारायचं नसतं.

बाबाच परत सोप्यावर आले. या वेळी स्टुलाजवळ बसले. "माका चालवूक शिकय," म्हणाले. मी कळा दाखवल्या, ही पुढे, ही आडवी. "समाजलां," म्हणाले, "इंजिन तां इंजिन." उजवा डोळा हाताने झाकून डाव्या हाताने ते यान सरकवायला लागले. आधी वाटलं, नुसतं हिंडतायत. मग लक्षात आलं, की त्यांना ग्रह बघायचे नव्हते. ते पिवळ्या सूर्याला जागेवर धरून लालला हळूहळू त्याच्यामागे नेत होते. अंतराळात जाऊन माझ्या बापाने खुणा शोधल्या होत्या.

फार वेळ लागला. आईचं भात शिजवणं झालं, पोदेर भोंपू वाजवत पाव देऊन गेला. लाल सूर्य पिवळ्याच्या कडेला टेकला, अर्धा झाला, नखाएवढा राहिला आणि गेला.

"एऽक!" बाबा ओरडले. केवढ्याने ओरडले! आईच्या हातातलं झाकण पडलं.

मग त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. पडद्याकडे बघितलं. काय दिसलं असेल ते मला कळत होतं. एकाचे दोन झाले असणार, आणि त्या दोनांतला खरा कुठला हे कुणालाच सांगता येत नाही.

"त्येनां हाक मारूक नाय," बाबा हळूच म्हणाले, "तां बराबर होतां."

मला रडू आलं. बाबांना नाही. ते उठले, भिंतीवरचा शर्ट घातला, बटणं एका घराने चुकवली, ती आईने परत लावून दिली. "तो डबो घेऊन चल माझ्यावांगडा," ते मला म्हणाले. डबा म्हणजे लॅपटॉप.

काकांच्या घरी आम्ही मेपासून पहिल्यांदा जात होतो. काका अंगणात जाळं विणत बसले होते. हाताचं प्लॅस्टर निघालं होतं, पण बोटं अजून आखडलेली होती. बाबांना बघून त्यांनी सुई खाली ठेवली नाही. मला म्हणाले, "बस गो बाय." बाबांना कुणी बस म्हटलं नाही, ते आपणच पायरीवर बसले. मी लॅपटॉप उघडून काकांच्या समोर धरला.

"ह्येच्यात तुका सूर्य किती दिसतत?" बाबांनी विचारलं. नाव नाही, माफी नाही, एकदम हेच.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. "दोन," ते म्हणाले.

"माका चार दिसतत."

काकांची सुई थांबली. त्यांना कळायला किती वेळ लागला असेल? मला तो फार वाटला, पण एक गाठ मारण्याइतकाच असेल.

"आनी मे म्हयन्यात?"

"तेवाय चार. दोन खुरीस, दोन माड."

"मगे खयच्या खुरसाफाटी खयचो माड घातलंस?"

"माका काय खबर! एक जोड जुळली शी दिसली, ती धरून भितर घातलंय." बाबा पायरीच्या दगडाकडे बघत होते. "चूक माझी. तुझ्यार घातलंय ती. दहा माणसांत."

काकांनी आपला आखडलेला हात उताणा करून बाबांसमोर धरला. "तुका दोन दोन दिसले तां बरां. पण हात माझो एकच होतो रे. तोच मोडलो." आणि हसायला लागले. "चार चार सूर्य समोर आसान तुझ्या डोक्यात उजेड पडाक इतको वेळ?"

बाबाही हसले, मग चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ काढला नाही. काकांनी जाळं बाजूला ठेवलं आणि काकूंना आतून चहा आणायला सांगितला, एक कप बिनसाखरेचा, कारण बाबांची साखर त्यांना आमच्या आईपेक्षा जास्त माहीत होती.

पुढच्या शुक्रवारी दोघं म्हापशाला डॉक्टरकडे गेले. मी रजा मागितली होती, पण काका म्हणाले, तुझं काय काम, होडीचं आहे, आम्ही बघतो. डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की साखर वाढल्याने एका डोळ्याला वळवणारी नस दुबळी झाली आहे, डोळे एका जागी जुळत नाहीत. काही महिन्यांत सुधारेलही, नाहीही सुधारणार. तोवर चष्म्याच्या उजव्या काचेला दुधी पट्टी लावा, गाडी नको, इंजिन नको. इंजिन नको हे काकांनी मला फोनवर सांगितलं. बाबांनी सांगितलं नाही. बाबांनी त्या ग्रहावर सावल्या किती पडतात ते विचारलं.

"दोन पडाक होयो," मी म्हटलं, "पण खेळात एकच दाखयतत."

"मगे तो खेळ माझ्यापरस बरो," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

नारळी पुनवेला मी केरीत होते. पाण्याला नारळ दिला, होडी ढकलली आणि मग एक क्षण असा आला की दोघंही होडीशेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभे, चढायचं कुणी कुठे. तीस वर्षं हा प्रश्न पडला नव्हता. बाबांनी इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि काढला. मग पाण्यातून चालत पुढे गेले आणि नाळीवर चढून बसले. किनाऱ्यावरून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. माझ्या शेजारी आई उभी होती, ती म्हणाली, "पुढे बसून त्येंका थंडी वाजतली," आणि डोळे पुसले.

ते फार लांब गेले नाहीत, पहिला दिवस होता. दोन तासांनी परत येताना दिसले. समुद्र बरा होता, तरी पट्टीवर पाणी फुटत होतं. होडी तोंडाबाहेर थांबली आणि आडवी सरकायला लागली. मी काठावरच्या खडकावर चढले. काका इंजिनावर, डाव्या हाताने. बाबा नाळीवर उभे, चष्म्याची एक काच पांढरी. काकांना त्यांच्या जागेवरून खुरीस दिसत होता, माडही दिसत होता. डोळे काकांचे धड होते. त्यांना वाटलं असतं तर त्यांनी आपणच बघून घेतलं असतं.

"एऽक!" बाबांची हाक पाण्यावरून आली.

काकांनी मान वरही केली नाही. होडी आत घातली.